ठोक्याचा खरा वेग

सोफे दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोकांच्या घरातलं जे कळतं, ते त्यांच्या डॉक्टरलाही कळत नाही. कोण कुठे बसतं, कोण बसल्या जागी डुलक्या काढतं, भांडण झालं की कोण उशी घेऊन कोचावर येतं, सगळं गादीत उमटलेलं असतं. ठोक्या जुनं रेक्झिन उसवायचा, आतला दबून चपाती झालेला फोम बघायचा आणि गिऱ्हाइकाला एवढंच म्हणायचा, "बदलायला झालाय." बाकीचं पोटात.

ठोक्या हे नाव मात्र त्याला सोफ्यांवरून पडलं नव्हतं, ड्रम्सवरून पडलं होतं. विशीत असताना तो आणि त्याचे तीन मित्र रॉक बँड काढून बसले. गायचे ते राजे. राजघराण्याशी त्यांचा संबंध शून्य, पण पाण्याचा पेला मागायचा तरी तो हुकूम सोडल्यासारखा, म्हणून राजे. गिटार वाजवायचा तो मास्तर, कारण पुढे त्यानं जन्मभर शाळेत गणित शिकवलं. आणि बास गिटारवर इस्त्री. हा गृहस्थ धुळीच्या मैदानात, भर उन्हात, पँटची घडी न मोडता दोन तास उभा राहायचा. कसा, ते त्याचं त्याला माहीत.

त्यांचा पहिला अल्बम झाला तो ठोक्याच्या बापाच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला टेकवलेले फोमचे तक्ते, कोपऱ्यात काथ्याचा ढीग, छतापर्यंत कापडाचे गठ्ठे. तिथे कितीही आपटलं तरी आवाज बाहेर जात नसे, म्हणून शेजारी ओरडत नसत. बाप मात्र ओरडायचा. "ठोकायचंच आहे तर खिळे ठोक, निदान खुर्ची तरी होईल," हे त्याचं ठरलेलं वाक्य. तरी सुटीच्या दुपारी किल्ली द्यायचा. असे बाप तोंडानं एक बोलतात आणि हातानं दुसरंच करतात.

इस्त्रीच्या मामानं त्याला दोन रिळांचा टेपरेकॉर्डर दिला होता. त्यावर गाणी भरली, फीत रेकॉर्डच्या कंपनीकडे पाठवली, आणि तबकडी छापून आली तेव्हा चौघं एकमेकांच्या गळ्यात पडले. कारखान्यात ऐकलं होतं त्याहून गाणं कितीतरी तडफदार झालं होतं! कंपनीनं काहीतरी पॉलिश मारलं असेल, असं त्यांनी ठरवलं. तरुण माणसाला आपली स्तुती कुणी केली, हे विचारायची सवय नसते.

लोकांनाही ती रेकॉर्ड आवडली. शेवटच्या गाण्यानंतर लांबून कुणीतरी चिरक्या आवाजात ओरडतं, "अरे, आता पुरे! मला कुलूप लावायचंय!" ते तर लोकांना पाठ झालं. कार्यक्रम संपला की समोरची पोरं त्याच चिरक्या आवाजात ओरडायची. तो आवाज ठोक्याच्या बापाचा होता. बापाचा आवाज खरा तर घागरीत बोलल्यासारखा, पण लांबून आल्यामुळे बारीक झाला असेल, असं ठोक्या धरून चालला. बाप गेल्यावर तेवढाच त्याचा आवाज उरला, आणि तोही हसण्यावारी गेलेला. ठोक्या त्याबद्दल बोलायचा नाही.

मग व्हायचं तेच झालं. नाव झालं, पैसे आले, आणि अक्कल गेली. दुसऱ्या अल्बममध्ये व्हायोलिनं शिरली. तिसऱ्यात तर इतकी शिरली, की ड्रम्स ऐकू येण्यासाठी कान द्यावा लागे. राजेंनी चमचमते कोट शिवले. जुनी गाणी त्यांना पोरकट वाटायला लागली, ती वाजवणं बंद झालं. पुढे लोकही पांगले, आणि बँड हॉटेलांमध्ये जेवणाऱ्या मंडळींसमोर हळुवार गाणी वाजवू लागला. प्रत्येकानं पोटासाठी दुसरा धंदा धरला. पण बँड मोडला नाही. मनसोक्त भांडायला हक्काची माणसं लागतात, आणि ती या वयात नवीन कुठून आणायची?

राजेंची सून आवाजाच्या स्टुडिओत कामाला होती. मुलगी हुशार आणि जिभेला हाड नसलेली. एका दुपारी जेवताना ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, तुमचा पहिला अल्बम ऐकला. काय भारी आहे हो! नंतरचे का केलेत?"

राजे एक वेळ जेवले नाहीत. दुसऱ्या जेवणापर्यंत ती कल्पना त्यांची स्वतःची झाली होती. त्यांनी तिघांना बोलावून हुकूम सोडला, "आपण मुळाकडे जायचं. व्हायोलिनं बंद. चौघांनी एका खोलीत, एकदम वाजवायचं, पहिल्यासारखं. आणि खोली कुठली? ठोक्याचा कारखाना."

ठोक्याला एवढा आनंद झाला, की त्यानं कोचांची दोन कामं पुढे ढकलून अर्धी खोली रिकामी केली. ड्रम्सवरची चादर काढली. काथ्याचा तोच वास, फोमची तीच भिंत. सत्तरी गाठलेले चार पुरुष शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे वागायला लागले. इस्त्रीनं तर घरून डबा आणला आणि कुणाला दिला नाही.

राजेंनी एक नियम घातला. तालमीआधी रोज ती जुनी रेकॉर्ड लावायची आणि तिच्याच वेगानं वाजवायचं. जुनी चार गाणी घ्यायची होती, बाकी नवी. पण नव्यांनाही चाल तीच, धाव तीच. "रेकॉर्ड हेच आपलं मोजमाप," राजे म्हणाले. ऐकायला बरं वाटलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पहिल्याच दिवशी ठोक्याच्या लक्षात आलं, की हे आपल्याला झेपत नाही.

एक गाणं कसंबसं निभायचं. दुसऱ्याला उजवा हात जड व्हायचा. तिसऱ्याला तर बाकीचे तिघं पुढे आणि हा मागे, बस सुटलेल्या माणसासारखा. मनगट लाल, खांदा भरलेला, कपाळावर घाम. दिवसभर हातोडी चालवणारा माणूस, हाताला कष्टाची सवय, तरी जमेना. गिऱ्हाइकं गेली, की तो फोमच्या तुकड्यावर काठ्या आपटत सराव करायचा. सराव वाढला तसा हात आणखी बिघडला.

"ठोक्या, डोळा लागला का रे?" राजे माईकमधून विचारायचे.

"वाजवतोय ना."

"वाजवतोयस, पण कालचं."

राजेंचंही काही वेगळं नव्हतं. धृपदातला वरचा सूर आला, की ते माईकपासून तोंड फिरवायचे आणि मास्तरनं गिटार मोठी करायची, असं न बोलता ठरलं होतं. पण गायकाचं झाकता येतं. ड्रमवाला चुकला की अख्खी गाडी रुळावरून घसरते.

मग एक दिवस राजे फार प्रेमानं बोलले, आणि तेच वाईट. एरवी ते शिव्या देत, त्या ठोक्याला चालत. त्या दिवशी त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

"हे बघ, सुनेच्या स्टुडिओत एक तरुण ड्रमवाला येतो. चांगलं वाजवतो. ड्रम्स त्याला देऊ. तू आमच्यातच बस ना. खंजिरी वाजव."

"खंजिरी?"

"फोटोत तू असशीलच की."

मास्तर गिटारची तार पुसत राहिला. ती आधीच लखलखीत होती. इस्त्रीनं पँटवरचा नसलेला धागा झटकला. ठोक्या म्हणाला, "रविवारपर्यंत थांबा. मी सांगतो." आणि चहा अर्धा टाकून निघून गेला. स्वतःच्याच कारखान्यातून. कुलूपसुद्धा त्या तिघांना लावावं लागलं.

त्याची बायको तलावावर पोहायला शिकवायची. नोकरीतून निवृत्त झाली होती, पण तलाववाले सोडेनात. तिच्या शिट्टीला घाबरून लोक लवकर शिकतात म्हणे. ही बाई बँडच्या पहिल्या कार्यक्रमापासून समोर नाचायला असायची. तिथेच जमलं. लग्नानंतर नातेवाइकांपुढे ती "अहो" म्हणायची, रागावली की "ठोक्या".

शनिवारी ती घरी आली तर नवरा स्वयंपाकघरात कढत पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसलेला.

"ठोक्या, काय झालं?"

"काही नाही. हात शेकतोय."

"ते दिसतंय. चेहरा कशाला शेकल्यासारखा?"

त्यानं टाळाटाळ केली, पण या बाईपुढे टाळाटाळ म्हणजे पाण्यात पळण्यासारखं. हातपाय फार हलतात, अंतर कापलं जात नाही. शेवटी सगळं सांगून झालं. खंजिरीचं तर दोनदा.

"मग तू काय ठरवलंस?"

"उद्या सांगतो त्यांना. नाही जमत आता. वय झालं, त्याला कोण काय करणार? अल्बम चांगला व्हायला हवा."

बायकोनं पातेल्यातून त्याचा हात काढला, पुसला, उलटसुलट करून पाहिला. "या हातानं काल तू सोफासेट ओढून टेम्पोत चढवलास. मी बघितलंय. हा हात म्हातारा नाही. उद्या मी येते."

"तू कशाला?"

"बघायला. माझाही तो बँड आहे. फोटोत नसले म्हणून काय झालं?"

रविवारी ती तलावावरून थेट आली, केस ओले, शिट्टी गळ्यातच. राजेंची सून यंत्रं मांडून तयार होती. राजेंनी नेहमीसारखी रेकॉर्ड लावली, त्या दिवशी शेवटचं गाणं. गाणं सुरू झालं तशी बायकोनं चपला काढल्या आणि दोन कोचांच्या मधल्या जागेत नाचायला उभी राहिली. सून खुदकन हसली. बाई दोन पावलं पुढे गेली, तिसऱ्याला गिरकी घेतली, अडखळली. पुन्हा केलं. पुन्हा अडखळली. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे काय लावलंय?"

"वहिनी, आपलीच रेकॉर्ड," राजे म्हणाले. "विसरलात?"

"रेकॉर्ड कोण ऐकत बसलं होतं हो? मी तुम्हाला समोर ऐकायचे. या गाण्यावर मी किती नाचलेय, पण या वेगात नाही. गिरकी संपून माझा डावा पाय खाली यायचा, तेव्हा बरोबर याचा मोठा ड्रम वाजायचा. दर वेळी. आता ड्रम वाजून जातो आणि माझा पाय हवेतच."

राजे हसले. "वहिनी, तेव्हा आपण तरुण होतो."

"तरुण होते, टोळ नव्हते! अंगातला जोर गेला असता तर मला धाप लागली असती. मला धाप नाही लागलेली. गिरकीला जागाच नाहीये यात."

मास्तर छताकडे बघायला लागला. गणिताच्या माणसाचं हे लक्षण ओळखीचं असतं. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "इस्त्री, तुझ्या मामाचं मशीन ठीक चालायचं का रे?"

"म्हणजे काय? असलं मशीन अख्ख्या गावात दुसरं नव्हतं!"

"ते खरंय. म्हणूनच आपण दुसऱ्यावर कधी लावून बघितलं नाही. समजा ते जरा हळू फिरत असेल. आपण भरलं हळू, ऐकलंही त्याच हळू मशीनवर. म्हणजे आपल्याला सगळं बरोबरच वाटणार. पण कंपनीतलं मशीन नीट फिरणारं. तिथे तीच फीत भराभर पळाली. गाणं घाईत आलं आणि आवाज चढला. तबकडी त्यावरून छापली."

"माझ्या मामाच्या मशीनला नावं ठेवायची नाहीत!" इस्त्री उठला. पँटची घडी मोडली, तरी त्याच्या लक्षात आलं नाही. "चाळीस-पन्नास वर्षं सगळे त्याच अल्बमचं कौतुक करताहेत. तेव्हा नाही कुणाला मशीन दिसलं!"

"भांडू नका, करून बघू," सून म्हणाली. तिनं रेकॉर्डमधलं तेच शेवटचं गाणं संगणकात घेतलं आणि फीत हळू फिरावी तसं, आवाजासकट, थोडं हळू केलं. "काकू, तुम्ही नाचा. पाय जुळला की सांगा."

बाई पुन्हा उभी राहिली. सून वेगाचा काटा मागे सरकवत होती, बाई गिरक्या घेत होती. आणखी थोडं. आणखी. मग पाय खाली आला आणि ड्रम वाजला, दोन्ही एकदम, जसं काही ठरवून.

"हं! हे आमचं गाणं."

राजे खुर्चीतून पुढे झुकले होते. रेकॉर्डवर जो मुलगा गात होता तो त्यांना नेहमीच जरा परका वाटायचा, नाकातून गाणारा, किरकिऱ्या. आता त्या मुलाच्या गळ्यात वजन आलं होतं. "अरे, हा मी आहे," ते हळूच म्हणाले. राजे हळू बोलले, हीच मोठी बातमी.

गाणं संपलं. पुढे काय येणार ते ठोक्या सोडून कुणाच्या डोक्यात नव्हतं. त्यानं काठ्या मांडीवर ठेवल्या.

"अरे, आता पुरे! मला कुलूप लावायचंय!"

घागरीतून आल्यासारखा, भरदार, अर्धा वैतागलेला आणि अर्धा हसू दाबणारा आवाज. खोलीतल्या फोमनं तो एका क्षणात पिऊन टाकला. चौघंही दाराकडे बघत राहिले. इस्त्री सगळ्यात आधी खाली बसला आणि म्हणाला, "काका." बाकी काही नाही. मामाचं मशीन हळूच होतं, हे त्यानं त्या एका शब्दात कबूल केलं. ठोक्याला रडू आलं नाही. त्यानं सुनेला एवढंच म्हटलं, "परत लाव." तिनं लावलं. मग त्यानं पुन्हा सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, "बास. नंतर घरी ऐक. आता कामाला लागा."

त्या वेगात त्यांनी पहिलं गाणं वाजवलं, आणि हात कसा चालत होता ते ठोक्याला विचारूच नका. गाण्यातली वीत नि वीत त्याच्या ओळखीची. ज्या वेगामागे तो महिनाभर ऊर फुटेस्तोवर धावत होता, त्या वेगात तो कधी वाजवतच नव्हता! धृपद आलं. राजेंनी सवयीनं तोंड फिरवलं, पण सूर आपणहून आला, खणखणीत. राजे इतके दचकले की पुढची ओळच विसरले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण राजे म्हणजे राजे. चहा पिता पिता त्यांना नवी शक्कल सुचली.

"असं करू. वाजवायचं या वेगात. मग सूनबाई संगणकावर थोडं पळवेल. रेकॉर्डसारखं होईल. लोकांना आपण तसेच माहीत आहोत ना? हळू ऐकलं की म्हणतील, म्हातारे थकले."

"करता येईल तसं," सून म्हणाली, "दोन मिनिटांचं काम आहे." पण तिचा चेहरा काही उजळला नाही.

इस्त्रीला ते लगेच पटलं. मामाची अब्रू झाकली जात होती. मास्तर म्हणाला, "तत्त्वतः काही चूक नाही." मास्तर असं म्हणाला, की समजावं, त्याला पटलेलं नाही पण भांडायचं नाहीये.

बायकोनं नवऱ्याकडे बघितलं. ती बोलू शकली असती. त्या एका खेपेला तिनं तोंड मिटून ठेवलं.

ठोक्यानं कप खाली ठेवला. "राजे, मग मला खंजिरी द्या."

"आता कशाला खंजिरी? आता तर तुला जमतंय!"

"म्हणूनच. कालपर्यंत मला वाटत होतं, मी खोटा पडलो. रात्री झोप नव्हती मला. ज्या पोरानं तसं वाजवलंच नाही, त्याच्याशी शर्यत लावून बसलो होतो. आता पुन्हा मीच तसलं खोटं वाजवून ठेवू? उद्या तेच गाणं लोकांसमोर वाजवायचं म्हटलं, की पुन्हा पातेल्यात हात. मी वाजवलं तर मी वाजवलं तसं जाईल. नाहीतर तुमचा तो तरुण ड्रमवाला बोलवा. माझं काही म्हणणं नाही, खोली वापरा, चहा मी देईन."

इतकं लांब तो आयुष्यात बोलला नव्हता. राजे चिडले. चार शब्द बोललेही, त्यातले दोन लिहिण्यासारखे नाहीत. ठोक्याला बरं वाटलं; शिव्या परत सुरू झाल्या म्हणजे प्रेमळपणा संपला.

"आणि लोक म्हणाले थकले, तर?" राजेंनी विचारलं.

"म्हणू देत. तुमचा वरचा सूर ऐकल्यावर कोण म्हणतं ते बघू."

हा घाव बरोबर जागी बसला. राजेंनी कप रिकामा केला, उगाच घसा खाकरला, आणि माईकपाशी जाऊन उभे राहिले. "काय बघत बसलात? वेळ काय फुकट आलाय?" मग ठोक्याकडे न बघता म्हणाले, "तू धर. आम्ही येतो मागे."

आठवडाभरात अल्बम झाला. एका खोलीत, एकदम, संगणकानं हात न लावता. एका गाण्यात मास्तर चुकला आहे, ते तसंच ठेवलं. अल्बम आला तेव्हा कुणी लिहिलं, जुना जोम राहिला नाही. कुणी लिहिलं, पहिल्यांदाच शब्द ऐकू आले. राजेंनी दुसरं कात्रण जपलं. इस्त्री अजूनही म्हणतो, मशीन चांगलं होतं, कंपनीनंच घाई केली.

पण ते पुढचं. शेवटचं गाणं भरलं त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर ठोक्यानं खोली झाडली, ड्रम्स पुसले, दाराला कुलूप घातलं आणि तलावावर गेला. बायको काठावर उभी राहून एका घाबरट गृहस्थाला पाण्यात उतरवत होती. तिनं नवऱ्याला पाहिलं आणि बोटानं थांबायची खूण केली. गृहस्थ उतरला, बुडाला, वर आला, तिनं शाबासकी दिली. मग ती आली.

"झालं?"

"झालं."

"हात?"

ठोक्यानं दोन्ही हात पुढे केले, शाळेत नखं दाखवतात तसे. तिनं मनगट दाबून पाहिलं.

"दुखत नाही?"

"नाही."

"मग कपडे बदलून उतर पाण्यात," ती म्हणाली, "अजून थोडा वेळ आहे बंद व्हायला."